विहिरीकडचा उतार

८ एप्रिल १९७३

पोचले एकदाची. सोलापूरच्या एस.टी.तून मिरजगावला उतरले तेव्हा पाठ मोडून आली होती, पण मन शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं हलकं होतं. नबीलालभाई स्टँडवर सायकल धरून उभे होते. आमच्या रेडिओ-दुर्बिणीच्या केंद्राचे मेकॅनिक, फिटर, राखणदार सगळं तेच. पन्नाशीचे आहेत, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. माझी ट्रंक त्यांनी एका खडीच्या ट्रकवर चढवली, मला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः सायकलवरून निघाले. ट्रक वाटेत तीनदा बंद पडला, त्यामुळे ते आमच्याआधी पोचले.

टाकेवाडीचा माळ परातीसारखा सपाट आहे. दोन वर्षं पाऊस नाही, गवताची काडीही नाही, नुसता मुरूम. त्यात आमची अँटेना: तीस फुटांची, लोखंडी जाळीची, आभाळाकडे तोंड करून बसलेली. शेजारी पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत यंत्रं, दुसरीत मी. मागच्या खोपटात नबीलालभाई आणि सकीनाभाभी. भाभींनी आल्या आल्या रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. मिलो घशाखाली उतरत नाही असं सगळे म्हणतात. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आईला पत्रात लिहायचं आहे ते आधी इथं लिहून पाहते. सूर्याच्या वीस-वीस पट मोठे तारे जन्मतात कसे, हे कुणी पाहिलेलं नाही. जन्मले की दिसतातच, ते काही लपून राहत नाहीत. पण त्याच्या आधी काय? आधी म्हणे एक काळा, गार वायूचा ढग असतो आणि तो एका जागी आत आत पडू लागतो. उजेड नाही, ऊब नाही. अशा ढगातून एक बारीक रेडिओ-खूण येते, हायड्रॉक्सिल वायूची. पाण्याचा कण अर्धवट राहिला तर जे उरेल ते हायड्रॉक्सिल. मृग नक्षत्राच्या खालच्या अंगाला असा एक ढग आहे. त्याची खूण मला पकडायची आहे. मुंबईहून माझ्या प्रबंधाच्या सरांनी मेअखेरपर्यंत मुदत दिली आहे, कारण जूनमध्ये सूर्यच मृगात येतो आणि त्याच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नाही. इथले लोक मृगाकडे डोळे लावून बसलेत. मृग लागायच्या आत काम उरकायची घाई असलेली या तालुक्यात मी एकटीच असेन.

१० एप्रिल

आमची अँटेना फक्त उत्तर-दक्षिण कलते, आभाळ तिच्यावरून सरकत जातं. म्हणजे माझा ढग तिच्यासमोर असतो दिवसातून सात मिनिटं. ती सात मिनिटं रोज चार मिनिटं अलीकडे येतात. तारे तसेच वागतात, घड्याळाला जुमानत नाहीत. आज वेळ होती चार सत्तावन्न. चार पंचावन्नला जनरेटरचा पट्टा तुटला.

नबीलालभाईंनी पट्टा शिवला, पाच वाजून दहा मिनिटांनी. काल शाईची पेन सुकली होती. कागदाच्या गुंडाळीवर ती पेन सरळ रेघ मारत जाते आणि खूण आली की उंचवटा काढते. माझ्याकडे अजून सरळ रेघसुद्धा नाही.

१३ एप्रिल

आता सुरुंग. केंद्राच्या पूर्वेला दोनशे पावलांवर दुष्काळी कामातली सार्वजनिक विहीर खोदताहेत. साठ फूट झाली, पाणी नाही. बरोबर माझ्या सात मिनिटांत धडाका उडाला आणि पेन कागदाबाहेर.

चिडून तिथं गेले. काठावर दगड वर ओढायची यारी, तिच्याभोवती पंधरा-वीस बाया पाट्या वाहताहेत. त्यांच्यात पुढारपण चांगुणाबाईंचं. चाळिशीच्या, हातावर गोंदण, आवाज खणखणीत. खाली पहार आणि सुरुंगाचं काम त्यांचे यजमान सूर्यभान बघतात. मी तक्रार केली ती चांगुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि सरपंचांकडे बोट दाखवलं. सरपंच आप्पासाहेब सभ्य माणूस. चार ते पाच काम बंद ठेवायला कबूल झाले.

परत निघताना चांगुणाबाई म्हणाल्या की खाली फार गारठा असतो, माणसं काकडून वर येतात. वर बेचाळीस अंश होतं. मला हेवा वाटला.

१७ एप्रिल

आला. चार तीसला उंचवटा आला. सुबक, अरुंद, बरोबर हायड्रॉक्सिलच्या जागी. मी नबीलालभाईंना हाताला धरून आत आणलं आणि कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं की एवढ्याचसाठी का. मी म्हटलं, एवढ्याचसाठी. भाभींनी गुळाचा चहा केला.

१८ एप्रिल

चार सव्वीसला पुन्हा. चार मिनिटं अलीकडे, म्हणजे आभाळातलाच. सरांना पत्र टाकलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलंय.

१९ एप्रिल

आज चार बावीसला यायला हवा होता. मी सव्वातीनलाच यंत्र लावलं, तेव्हा तो तिथं होताच. पाचलाही होता. साडेपाचलाही. ढग कधीचा निघून गेला, खूण बसून आहे.

म्हणजे आभाळातलं नाही. इथलंच काहीतरी. माझा जयजयकार दोन दिवस टिकला. सरांना तार करून तसं कळवलं.

२२ एप्रिल

तीन दिवस शोधते आहे. नबीलालभाईंचा ट्रान्झिस्टर बंद केला. कुंपणाची तार उतरवली. जनरेटर बंद करून यंत्र ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालवलं. अँटेना उत्तरेला कलवली, दक्षिणेला कलवली. खूण तशीच, उलट रोज थोडी उंच. मशीनवर डोकं टेकून बसले होते, तर भाभींना वाटलं घरची आठवण आली. कैरीचं पन्हं घेऊन आल्या. मला रडू आलं, ते घरच्या आठवणीचं नव्हतं.

सरांचं उत्तर आलं. पृथ्वीवरचा गोंगाट ओळखता येत नसेल तर आभाळ ऐकायला बसू नये, मिस सोहनी. एवढंच. खाली सही.

२४ एप्रिल

नबीलालभाईंनी तेलाचा पत्र्याचा डबा कापून नरसाळं केलं, मी त्यात तार बसवली. हातात धरायची छोटी अँटेना. केबलची सगळी गुंडाळी सोडली आणि माळभर फिरले. नबीलालभाई आत पेनशी बसून ओरडून सांगत होते, वाढलं, कमी झालं. उत्तरेला कमी. गावाकडे कमी. विहिरीकडे वाढलं. विहिरीच्या काठावर उभं राहून मी नरसाळं खाली धरलं आणि त्यांचा आवाज बंदच झाला. परत आले तर पेन कागदाच्या कडेला टेकून थरथरत होती.

म्हणजे आजवर अँटेना पाठीमागून, जमिनीतून ऐकत होती.

असं काही माणसाच्या यंत्रातून निघत नाही. इतकी अरुंद, स्वच्छ खूण. हे हायड्रॉक्सिलच आहे आणि ते टाकेवाडीच्या विहिरीच्या तळाशी आहे. कुणाला सांगू?

२५ एप्रिल

आप्पासाहेब स्वतः आले. काल नरसाळं घेऊन फिरताना गावानं मला पाहिलं होतं. यंत्राला विहिरीत काही लागलं का, असं त्यांनी विचारलं. बरोबर सूर्यभान होते, मुंडासं हातात धरून.

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, खाली जे आहे ते पाण्याचाच एक भाग आहे.

हे खोटं नाही. पण त्यांनी काय ऐकलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मी दुरुस्त केलं नाही. ते जितकं खोल जातील तितकी खूण वाढेल, मला ती वाढलेली हवी आहे. सूर्यभान मला वाकून नमस्कार करायला लागले. मी मागे सरकले.

२७ एप्रिल

दुप्पट जोर लावलाय. पंचाहत्तर फूट. खाली उतरणारे घोंगडी पांघरून उतरतात. खूण इतकी वाढली आहे की यंत्राची ताकद रोज कमी करावी लागते.

सूर्यभान सांगत होते की फोडलेले दगड तळाशी जिथं पडतात तिथं राहत नाहीत, सगळे मधोमध घरंगळत जातात. तळ सपाट असूनही. पोटं भरलेली नाहीत, भोवळ येत असेल, असं मी म्हणाले. ते घोंगडी घेऊन परत खाली उतरले. चांगुणाबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते आवडलं नाही मला.

२८ एप्रिल

नबीलालभाई ओळंबा घेऊन अँटेनाचा खांब तपासत होते. खांब कलला, म्हणाले. मी पाहिलं. खांब तसाच आहे, ओळंब्याची दोरी कलली आहे. पूर्वेला, पाव इंच.

दुसरा ओळंबा केला. तोही पाव इंच. खोलीत, खोपटात, कुंपणापाशी, सगळीकडे विहिरीच्या दिशेनं.

उजेड नाही, ऊब नाही, फक्त सगळं एका जागी आत आत पडू लागतं. हे वाक्य मी तीन वर्षं सेमिनारमध्ये म्हणत आले. ते लिहिताना ढग किती लांब आहे याचा हिशेब केला होता. आणि ते इथं आहे. दोनशे पावलांवर.

सरांना तार केली. काम थांबवा म्हणून आप्पासाहेबांना सांगायला गेले. त्यांना वाटलं सुरुंगाचा त्रास होतोय. हसून म्हणाले, पाणी लागलं की कायमचेच थांबू.

काय थांबवायचं आहे ते मलाही नीट सांगता आलं नाही. खरं कारण सांगायचं तर त्या दिवशीचं खोटं आधी सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं.

३० एप्रिल

सूर्यभान वर आले नाहीत.

सकाळी अकराची गोष्ट. यारीच्या दोराला बसून ते खाली गेले. चांगुणाबाई काठावर होत्या. खालून पहारीचा आवाज येत होता, मग बंद झाला. मग सूर्यभान बोलले, म्हणे, हितं लई जागा हाय. एवढंच. बायांनी दोर ओढला. रिकामा. गाठ न सुटलेली.

खोदकामावरचे दोघे गडी खाली उतरले. मीही उतरले, नबीलालभाई नको म्हणत असताना. दात वाजत होते. तळ सपाट कातळ, कुठं कपार नाही, पाणी नाही. मधोमध एक भोक, मुठीएवढं. त्यातून सूर्यभानच्या मुंडाशाचं एक टोक बाहेर आलेलं. आम्ही तिघांनी ओढलं. ते तारेसारखं ताणलेलं होतं. सुटलं नाही.

सोडलं तेव्हा ते हळूहळू आत गेलं.

१ मे

तालुक्याहून पोलीस जमादार येऊन गेले. काठावरूनच पाहिलं. पुष्कळ माणसं पुण्याकडे कामाला जाताहेत, तसाच गेला असेल, असं त्यांचं मत. मुठीएवढ्या भोकात माणूस जाईल कसा, असं त्यांनी मलाच विचारलं. मी ओळंबा दाखवला. त्यांनी दोरी बोटानं सरळ केली आणि गेले.

तारेचं उत्तर आलं. प्रकृती सांभाळा, यंत्रं खोक्यात भरा, परत या.

२ मे

चांगुणाबाई विहिरीपासून हलत नाहीत. त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. यंत्रानं पाणी दाखवलं नव्हतं, मी तुम्हाला तसं समजू दिलं.

त्यांनी हातातला खडा विहिरीत टाकला. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं बाई. पानी असतं तर वास आला असता. पर ह्यांना तुमचं खरं वाटलं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

३ मे

आप्पासाहेबांना आज सगळं सांगितलं. ते उठून उभे राहिले, परत बसले. मग त्यांनी निर्णय घेतला तो कुणीही शहाण्या माणसानं घेतला असता: विहीर बुजवायची. रस्त्यासाठी फोडलेली सगळी खडी, मैलभर रचलेले ढीग, ट्रकनं आणायला लावले. मलाही पटलं. मी स्वतः पाट्या टाकल्या. चांगुणाबाई आडव्या आल्या, त्यांना बायांनी धरून ठेवलं.

४ मे

वीस ट्रक खडी पडली. विहीर भरत नाही. वरून पडणारी खडी तळाला लागल्याचा आवाजही येत नाही. दुपारी ओळंबा पाहिला. दोन इंच.

मला तरी कळायला हवं होतं. जितकं आत पडतं तितकं ते जड होतं, जितकं जड तितकं जास्त ओढतं. माझ्या प्रबंधाचं पहिलं पान. आम्ही त्याला बुजवत नव्हतो. भरवत होतो.

धावत जाऊन ट्रक थांबवले. एकविसाव्याचा ड्रायव्हर उतरून बाजूला झाला होता, तेवढ्यात ट्रक आपोआप मागे सरकू लागला. ब्रेक लावलेला होता. दगड लावले चाकांना. दगडांसकट गेला.

सगळे नुसते माळाच्या कडेकडे चालू लागले, आणि चालताना सगळे पुढं वाकलेले. चढ चढताना वाकतात तसे. माळ सपाट आहे.

५ मे

वाडी रिकामी झाली. आप्पासाहेबांनी जनावरं आणि माणसं श्रीगोंद्याकडे छावणीला हलवली. निघताना माझ्याशी बोलले नाहीत.

नबीलालभाई आणि भाभी देवळाली प्रवऱ्याला लेकीकडे जाताहेत. भाभी माझा हात सोडेनात. मी म्हटलं, चांगुणाबाई उठत नाहीत तोवर मला जाता येणार नाही. नबीलालभाईंनी कारण विचारलं नाही. फक्त सांगितलं, "बाई, उद्या दुपारच्या आत निघा. सायकल आज मिरजगावाकडं ढकलावी लागली. विहिरीकडं तोंड केलं तर पायडल मारायलाच नको."

सायकलचा आधार घेत गेले. मी ते दिसेनासे होईपर्यंत पाहत होते. त्याला फार वेळ लागला.

६ मे

चांगुणाबाईंना उठवलं. ओढलं. विनवलं. त्या म्हणतात, आतून बोलणं ऐकू येतं. मी ऐकलं. नाही येत. येतं. माहीत नाही.

त्यांना तिथंच सोडून एकटी निघाले. लिहिते ते खरं लिहिते. निघाले. कुंपणापर्यंत गेले. मुरूम पायाखालून मागं सरकत होता, वारा नसताना. दोन तास चालले असेन. वळून पाहिलं तर अँटेना पन्नास पावलांवर.

परत यायला एक मिनिट लागलं.

७ मे

अँटेनाचं तोंड आभाळाकडे राहिलं नाही. रोधक तोडून ती पूर्वेला वाकली आहे. तिची जाळीची परात विहिरीकडे.

टेबल, खुर्ची, ट्रंक पूर्वेच्या भिंतीला. मीही. चूल पेटत नाही, ज्वाळा आडवी होते.

चांगुणाबाई हातापायांवर रांगत आल्या. यारीचा सगळा दोर गोळा करून आणलाय. दोनशे फूट. म्हणाल्या, उद्या उतरनार. नको म्हटलं. दोरानं नाही तर दोराविना उतरेन, म्हणाल्या.

दोर मी धरेन म्हटलं. एवढंच करता येण्यासारखं आहे.

८ मे

दुपारचे अडीच. दोराचं टोक काठावरच्या यारीच्या काँक्रीटच्या पायाला बांधलंय, दोन फेरे. माझ्या कमरेला दुसरा दोर, त्याच पायाला. विहिरीच्या काठाशी बसून लिहिते आहे. ठरलंय असं — दोन हिसके म्हणजे ओढ.

चांगुणाबाई घोंगडी पांघरून उतरल्या. काठावर एकदा थांबल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग गेल्या.

सत्तर फूट. ऐंशी. ऐंशीला तळ यायला हवा.

शंभर.

हाक मारली. उत्तर आलं, जवळून आल्यासारखं. बरी हाय. हितं लई जागा हाय, बाई.

दीडशे. दोर हातातून जातोय, मी सोडत नाहीये, तो —

तीन वाजून गेले. माझ्या ढगाची वेळ. कसली वेळ आणि कसला ढग.

खालून वारं येतंय. पहिल्यांदाच वर येतंय. गार नाही. हात धरून पाहिला. कोमट.

कोमट म्हणजे — गार अवस्था संपली की तारा पेट —

नाही. इतक्या लवकर नाही. त्याला हजारो वर्षं लागतात. सगळ्या पुस्तकांत —

ऊन. उन्हासारखं, पण खालून. हनुवटीला लागतंय.

एक हिसका.

चांगुणाबाई म्हणतात, सापडले. ह्ये हायत. धडधाकट हायत. खाली बघू नगा म्हनत्यात, डोळे —

सूर्य माझ्या पाठीशी आहे. माझी सावली समोर, विहिरीवर पडायला हवी.

सावली पाठीमागं पडली आहे. खडीच्या ढिगावर. काळीभोर, आणि

दुसरा हिसका. ओढते आहे, दोर तापला आहे, चांगुणाबाई, हात वर करा, मला तुमचा हात दिस